दुर्बिणीतून यकृताची शस्त्रक्रिया आणि फिरता संदेश

"लिव्हरच्या कॅन्सरला दुर्बिणीचे ऑपरेशन नको, हाताने चाचपल्याशिवाय गाठ पुरती निघत नाही, रक्तस्राव आवरत नाही आणि पोटात भरलेल्या गॅसने कॅन्सर पसरतो," असा संदेश व्हॉट्सॲपवर फिरत आहे. या तिन्ही शंका एकेकाळी शल्यविशारदांनाही होत्या, म्हणून त्या हसून सोडून देण्यासारख्या नाहीत.

गाठ पुरती न निघण्याबाबत ऑस्लोच्या विद्यापीठ रुग्णालयातील चाचणी पाहावी. आतड्याचा कर्करोग यकृतात पसरलेल्या 280 रुग्णांची तेथे यादृच्छिक पद्धतीने दोन गटांत विभागणी झाली. गाठीभोवतीची निरोगी कड दोन्ही गटांत सारखीच साधली आणि पाच वर्षांनी हयात असलेल्यांचे प्रमाण दुर्बिणीच्या गटात 54 टक्के, तर पोट उघडलेल्या गटात 55 टक्के होते. गुंतागुंत मात्र अनुक्रमे 19 आणि 31 टक्के रुग्णांत झाली. बोटांची उणीव सोनोग्राफी भरून काढते. तिचा प्रोब थेट यकृतावर टेकवला की खोलवरची गाठही दिसते.

रक्तस्रावाबाबत तर संदेशातला गॅसच उपयोगी पडतो. यकृतातील शिरांमधला दाब कमी असल्याने पोटात भरलेल्या कार्बन डायऑक्साइडच्या 10 ते 14 मिलिमीटर (पाऱ्याच्या) दाबाखाली त्या कमी वाहतात. तरीही रक्त आवरले नाही, तर पोट उघडतात, आणि तसे करणे हा शहाणपणाच असतो.

गॅसने कर्करोग पसरण्याची भीती 1990च्या दशकातली. आतड्याच्या व पित्ताशयाच्या शस्त्रक्रियांनंतर काहींच्या छिद्रांच्या जागी गाठी आढळल्या होत्या. आता कापलेला भाग आतच पिशवीत बंद करून, बहुधा सिझेरियनसारख्या ओटीपोटावरील आडव्या छेदातून अखंड बाहेर काढतात, कारण तुकडे केले तर पॅथॉलॉजिस्टला कड मोजता येणार नाही. (त्यामुळे 'बिनटाक्याचे ऑपरेशन' ही जाहिरातही तितकीच फसवी.)

अर्थात ऑस्लोचे आकडे अनुभवी हातांचे आहेत आणि ते यकृतातच उद्भवलेल्या कर्करोगाला जसेच्या तसे लावता येत नाहीत. मोठ्या शिरांना चिकटलेल्या किंवा पित्तनलिका नव्याने जोडावी लागणाऱ्या गाठींसाठी आजही बहुधा पोट उघडणेच पसंत केले जाते. सिरोसिस (यकृत व्रण पडून कडक होण्याचा आजार) असल्यास मात्र लहान छेदांनंतर पोटात पाणी साठण्याचा त्रास कमी आढळतो. अशा रुग्णात सुमारे 40 टक्के यकृत शिल्लक राहावे लागते, आणि तो हिशेब छेद ठरण्याआधी सीटी स्कॅनवरच मांडला जातो.