काम : पंखा

सोमवारी सकाळी अ‍ॅडमिनवाल्यांची मेल आली. शनिवारी मध्यरात्री शिरोली एमआयडीसीतल्या गोडाऊनमध्ये गेटपासशिवाय प्रवेश का केलात, खुलासा करावा. शनिवारी मध्यरात्री मी पुण्यात, बर्म्युड्यावर, डायनिंग टेबलाशी बसलो होतो. पण वॉचमनकाकांच्या रजिस्टरात चक्क नोंद आहे : ‘पुण्याचे साहेब. आले १.४०, गेले ३.१५. काम : पंखा.’

मी आयटीवाला. गोडाऊनमधला आमचा सर्व्हर सेंटओएस ७ या जुन्या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालायचा, आणि तिचे सिक्युरिटी पॅच ३० जून २०२४ लाच बंद झाले. अपग्रेड करू या, असं मी सांगत होतो तोवर तो ‘खर्च’ होता, ऑडिटरने सांगितल्यावर ‘जोखीम’ झाली. शनिवारी रात्री घरूनच व्हीपीएन आणि एसएसएचने सर्व्हरमध्ये शिरलो, अपग्रेड केलं, सगळं निर्विघ्न. मग रीबूट दिला, आणि पिंगला, म्हणजे ‘जागा आहेस का?’ या हाकेला, सर्व्हरकडून उत्तरच येईना. काकांना उठवलं.

“काका, सर्व्हर रूममध्ये जा.”

“आत कुनाला सोडू नगं, असं साहेबांनी सांगितलंय.”

“तुम्हीच जायचंय.”

“मग मला कोन सोडनार?”

यावर मला उत्तर सुचलं नाही. मॅनेजरसाहेबांचा फोन बंद. शेवटी काकांनीच तोड काढली : “तुमचं नाव लिवतो, तुमच्या जबाबदारीवर जातो.”

“स्क्रीनवर काय दिसतंय?”

“इंग्रजी.”

“वाचा की.”

“यफ. ये. यन.”

“फॅन! पंखा बंद पडलाय काका.”

“न्हाई ओ, चालू हाय की. मीच लावलाय आत्ता.”

“छताचा नाही, डब्यातला. आणि एसी?”

“त्यो बंद केलाय. रातीचं कोन बसतंय हितं?”

सर्व्हर एफ-वनची वाट बघत थांबला होता. एवढं एक बटण. पण कीबोर्ड अकाउंटच्या मॅडमनी नेलेला, कारण त्यांच्या कीबोर्डचं एंटर निघालंय. त्यांच्या केबिनची किल्ली दुसऱ्या गेटवर, आणि त्या गेटचं रजिस्टर वेगळं. बऱ्याच वेळाने कीबोर्ड आला, जोडला.

“दाबलं साहेब. आदी यफ, मग एक.”

हसू नका. ४ ऑक्टोबर २०२१ ला फेसबुक सुमारे सहा तास जगभर बंद होतं, तेव्हा त्यांच्या इंजिनिअरांनाही शेवटी डेटा सेंटरवर जावं लागलं, आणि तिथल्या कडक बंदोबस्तातून आत शिरण्यातच वेळ गेला. म्हणजे काका तिथेही असणार.

सर्व्हर बंद असला तरी बोर्डावरच्या वेगळ्या चिपमार्फत तो लांबून चालू-बंद करायची आयपीएमआय ही सोय १९९८ पासून आहे. आमच्या सर्व्हरमध्ये ती चिपही आहे. पण लांबून स्क्रीन बघायची आणि बटणं दाबायची तर लायसन्स लागतं. दर बजेटला मी ते मागतो, दर बजेटला ते कापलं जातं, आणि वर ‘तिथे माणूस आहे ना?’ असं विचारतात. आहे ना. तुटपुंज्या पगारावर बारा तासांची ड्युटी करून रात्री दोनला माझ्यासाठी किल्ल्या शोधत फिरणारा. त्याच्या ओव्हरटाइमचं विचारलं, तर ‘तो आयटीच्या बजेटमधून द्या’ म्हणतात.

नव्या पंख्याची पर्चेस रिक्वेस्ट मात्र मी लगेच टाकली. काल ती शेरा मारून परत आली : ‘पंखा चालू असल्याचे वॉचमनने कळविले आहे.’