पन्नास ग्रॅमचं गिऱ्हाईक

बांबूचं जंगल बघायला निघालेल्या माणसाला चहाच्या दुकानात नेऊन बसवणं, हा गुन्हा कुठल्याही देशाच्या कायद्यात नाही. असायला हवा.

जागा आंजी, झेजियांग प्रांत. हांगझोउहून गाडीने जेमतेम तास-सव्वा तास. ड्रायव्हरशी ठरलं होतं ते फक्त बांबूचं. त्याने गाडी वळवली ती एका नातेवाइकाच्या चहाच्या दुकानाकडे. निदान नातेवाईक असं तो म्हणाला. चीनमध्ये पर्यटकाला घेऊन येणाऱ्या ड्रायव्हरचे नातेवाईक फार, आणि सगळे चहाच्याच धंद्यात.

हा ड्रायव्हर मोबाइलमध्ये चिनी बोलायचा आणि मोबाइल एका अत्यंत सुशील बाईच्या आवाजात ते हिंदीतून ऐकवायचा. त्यामुळे त्याच्यावर धड रागावताही येत नव्हतं. हातात कायम काचेची बाटली, तळाला बोटभर चहाची पानं. जिथे गरम पाणी दिसेल तिथे ती भरायची, पानं दातांनी अडवून घोट घ्यायचा आणि ‘आह’ करायचं. दुकानात बूड टेकल्या टेकल्या मोबाइलमधल्या बाई म्हणाल्या, ‘कृपया पहले चाय का सम्मान करें।’

केला. दुकानदारीणबाईंनी उभट काचेच्या ग्लासात तीनेक ग्रॅम पानं घातली. उकळलेलं पाणी थोडा वेळ उघडं ठेवून ८०-८५ अंशांवर आणलं. आधी पाव ग्लास ओतून पानं हलवून ओली केली, मग उरलेलं, मिळून १५० मिलि. पाणी थेट उकळतं ओतलं की चव तुरट होते. पानं ग्लासात उभी राहतात आणि सावकाश तळाला जातात. ती जाईपर्यंत सगळ्यांनी गप्प बसून बघायचं असतं. ड्रायव्हर तर असा बघत होता, जणू पोराचं अरंगेत्रम चाललंय.

चहा उत्तम होता, हे नाइलाजाने लिहितो. नाव ‘पांढरा चहा’, पण जातकुळी ग्रीन टीची: पानं पसरून सुकवायची, भट्टीवर तापवून हिरवेपण टिकवायचं, मग आकार देऊन वाळवायची. खरी गंमत झाडात आहे. वसंतात गारवा असेपर्यंत या वाणाच्या कोवळ्या पानांत हरितद्रव्य नीट तयारच होत नाही, म्हणून पान फिकट येतं. त्यात अमिनो आम्लं साध्या ग्रीन टीच्या साधारण दुप्पट, त्यामुळे चव गोडसर, सुपासारखी. ऊन तापलं की तीच झाडं निमूटपणे हिरवी होतात आणि हंगाम संपतो. सगळा खेळ महिनाभराचा. त्यातही ५ एप्रिलच्या आसपासच्या छिंगमिंग सणाआधीची खुडणी सगळ्यांत महाग.

पाटीवरचा भाव किलोचा नसतो, ‘जिन’चा असतो, म्हणजे ५०० ग्रॅमचा. म्हणजे मनातल्या मनात दुप्पट करून मगच दचकायचं. मी एक ‘लियांग’ मागितला, ५० ग्रॅम.

दुकानात शांतता पसरली. ड्रायव्हरने बाटली खाली ठेवली, मोबाइल तोंडाशी नेला. ‘आप इतनी दूर से केवल पचास ग्राम के लिए आए हैं?’ मी म्हटलं, मी बांबूसाठी आलोय. पुन्हा मोबाइल. ‘बाँस कहीं नहीं जाएगा।’ मग दुकानदारीणबाईंकडे वळून तो बराच वेळ बोलला. ते मात्र त्याने मोबाइलला ऐकवलं नाही. दोघं हसले. बाईंनी ५० ग्रॅमचं पाकीट माझ्या हातात ठेवलं ते दोन बोटांनी.

त्यांचंही खोटं नाही म्हणा. एक किलो तयार चहाला चार-पाच किलो ओली पानं लागतात, तीही हाताने खुडलेली. पण एकदम किलोभर कोण घेतं? आणि आंजीच्या नावावर कुठलाही चहा खपतोच. पारख एकच: भिजलेलं पान उलगडून पाहावं. पातं फिकट आणि शिरा हिरव्या हव्यात. हे त्या दुकानात बसून, सगळ्यांसमोर करावं. मी केलं. त्याने वातावरण आणखी बिघडलं.

बांबूच्या जंगलात पोचेपर्यंत ऊन कलायला लागलं होतं. माओ जातीचा बांबू तिथे डोंगरच्या डोंगर झाकतो. कोंब जेवढा जाड बाहेर पडतो, तेवढीच जाडी जन्मभर. नुसती उंची वाढते, आणि तीही दीड-दोन महिन्यांत पुरी होते. पुढची चार-पाच वर्षं लाकूड आतून पक्कं होण्यात जातात, मग तोड. कुठलं खोड कधीचं हे कळावं म्हणून अंगावर खुणा लिहिलेल्या असतात. या खुणा वाचत निवांत फिरायला हवं होतं. पण खाली हॉर्न वाजत होता.

शेवटी हिशेब. चहाच्या दुकानातला वेळ त्याने ‘वेटिंग’मध्ये धरला होता! रक्कम दोनशे युआनच्या वर गेली. परदेशी कार्ड जोडलेल्या अलीपे या पैसे भरायच्या ॲपवर एका वेळी दोनशेपर्यंत जादा आकार नाही, त्यावर गेलं की तीन टक्के. म्हणून मी दोन हप्त्यांत देतो म्हणालो.

‘कृपया एक बार में भुगतान करें,’ सुशील बाई म्हणाल्या, ‘आपके पास समय कम है।’