लोकल कॅश की रेडिस? एका प्रतिक्रियेला सविस्तर उत्तर

नमस्कार. लोकल कॅशवरच्या (प्रत्येक सर्व्हरने स्वतःच्या मेमरीत ठेवलेल्या प्रतींवरच्या) माझ्या लेखावरची तुमची प्रतिक्रिया दोनदा वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: दोन सर्व्हर झाले की लोकल कॅश ठेवणं हा बेजबाबदारपणा आहे; रेडिस (सगळ्या सर्व्हरना नेटवर्कवरून सामायिक वापरता येणारा मेमरीतला साठा) एका मिलिसेकंदात उत्तर देतो, मग सगळं तिथेच का ठेवू नये? नाहीतर निदान लोकल कॅश आणि रेडिस असे दोन्ही थर ठेवावेत.

आधी माझी चूक. चुकीच्या ओटीपी-प्रयत्नांचा काउंटर मी लोकल कॅशच्या उदाहरणांत घातला होता. ते साफ चुकलं. चार सर्व्हर आणि पाच प्रयत्नांची मर्यादा असेल, तर लोड बॅलन्सरच्या (विनंत्या सर्व्हरमध्ये वाटून देणाऱ्याच्या) कृपेने समोरच्याला वीस प्रयत्न मिळू शकतात. असा आकडा एकाच जागी हवा. लेख दुरुस्त केला आहे, आभार.

पण ‘सगळं रेडिसमध्ये’ हे मला अजूनही पटत नाही. तो मिलिसेकंद तुम्ही एकदाच मोजलात. २०० ओळींच्या बिलात प्रत्येक ओळीसाठी जीएसटीचा दर विचारला, तर रेडिसपर्यंतच्या प्रत्येक फेरीला अर्धा मिलिसेकंद धरूनही १०० मिलिसेकंद गेले. दर एकत्र मागवता येतात, कबूल. पण लूपच्या आत बसलेला ‘गेट’ (रेडिसकडून एक नोंद मागायची आज्ञा) कोडमध्ये मला कितीदा तरी भेटलाय. प्रोसेसच्या स्वतःच्या मेमरीत ना नेटवर्क, ना जेसन (डेटा मजकूर म्हणून पाठवायची पद्धत) उलगडण्याचा खर्च.

‘दर बदलला तर?’ हा तुमचा प्रश्न रास्त. २२ सप्टेंबर २०२५ पासून जीएसटीचे नवे दर लागू झाले. दिवसभराचा टीटीएल (नोंद किती वेळ वैध धरायची ती मुदत) लावलेल्या लोकल कॅशने त्या सकाळी जुन्याच दराने बिलं फाडली असती. पण तोच टीटीएल लावलेल्या रेडिसनेही तेच केलं असतं, फक्त चारही सर्व्हरवर एकमताने! नवे दर ३ सप्टेंबरलाच जाहीर झाले होते. नोंदीत दरासोबत ‘कधीपासून लागू’ ही तारीख ठेवली आणि नवी नोंद आधीच भरली, की मध्यरात्री कॅश पुसायची गरजच उरत नाही. जी माहिती कधी बदलणार हे आधी ठाऊक असतं, तिच्यासाठी लोकल कॅश बिनधास्त वापरा.

आणि रेडिस अडला तर? एका जुन्या नोकरीत आम्ही जावाचा लेट्यूस क्लायंट (रेडिसशी बोलणारी लायब्ररी) वापरत होतो. त्याचा मूळ टाइमआउट (उत्तराची वाट पाहायची मर्यादा) ६० सेकंदांचा. तो कमी करायचा आमच्यापैकी कुणालाच सुचलं नाही. रेडिस गुदमरला, विनंत्या हाताळणारे सगळे थ्रेड त्याची वाट पाहत बसले आणि डेटाबेस ठणठणीत असूनही साइट झोपली.

दोन्ही थर ठेवायचा तुमचा पर्याय चांगला आहे. २०२० च्या रेडिस ६ पासून ‘ही की (नोंदीचं नाव) बदलली’ असा निरोप क्लायंटला मिळण्याची सोयही आहे. मात्र मधे कनेक्शन तुटलं तर त्या काळातले निरोप गेलेच समजा. तेव्हा लोकल थर पूर्ण रिकामा करावा लागतो. हे न करता दोन थर लावले तर कुठला थर जुनं सांगतोय हे शोधण्यात रात्र जाते.

राहता राहिला तुमचा स्टॉकचा किस्सा, पान रिफ्रेश केलं की कधी ‘३ शिल्लक’, कधी ‘संपलं’. तिथे लोकल कॅश नकोच, दाखवायचा आकडा रेडिसमध्येच ठेवा. पण ऑर्डर पक्की करताना त्या आकड्यावरही विसंबू नका. शिल्लक वजा करायची ती डेटाबेसच्या ट्रान्झॅक्शनमध्ये (पूर्ण होतो नाहीतर अजिबात होत नाही अशा बदलात), ‘शिल्लक शून्याहून जास्त असेल तरच’ या अटीसह.