कोकोच्या कुंडीचा तो मेसेज पुढे पाठवू नका

आमच्या कोथरूडच्या सोसायटीच्या ग्रुपवर या महिन्यात तो तिसऱ्यांदा आला: 'गच्चीवर कुंडीत कोकोचं बी लावा, 2 वर्षांत फळं, बिया मिक्सरमधून काढा, घरचं चॉकलेट तयार. पुण्याची हवा एकदम मानवते.' खाली बियांच्या पाकिटाची लिंक. लोक पैसे भरतायत, म्हणून लिहिते.

आधी ते पाकीट. कोकोचं बी फणसाच्या आठळीसारखं असतं, सुकलं की मेलं. फळातून काढल्यावर थोड्याच दिवसांत त्याची उगवणशक्ती जाते. गेल्या वर्षी मीही मागवलं होतं. दहा बिया, हलवल्या की खुळखुळणाऱ्या. महिनाभर ओल राखली, एकही उगवली नाही. उकरून बोटांत दाबली तर आत भुगा. पेरणाऱ्याची त्यात काही चूक नसते.

पुण्याची हवा मानवते, हे तर साफ खोटं. हे झाड अॅमेझॉनच्या जंगलातलं, मोठ्या झाडांच्या सावलीत वाढणारं. त्याला वर्षभर दमटपणा लागतो आणि 1500 मिलिमीटरच्या आसपास किंवा जास्त, विभागून पडणारा पाऊस. आपल्याकडे साधारण 700, तोही चार महिन्यांत. वर एप्रिलची कोरडी झळ आणि जानेवारीतल्या 10 अंशांखालच्या रात्री. आपल्या देशात कोको होतो तो केरळात, गोदावरीकाठच्या नारळबागांत, दक्षिण कन्नडच्या सुपारीत. तिथल्याच, दक्षिण कन्नडमधल्या पुत्तूरहून मैत्रिणीने ताजं फळ आणलं, त्याच्या बिया त्याच दिवशी लावल्या, त्या मात्र उगवल्या. एप्रिलमध्ये सगळ्या पानांच्या कडा करपल्या. आंब्याखाली सावलीत हलवलं ते एकच रोप तगलं.

दोन वर्षांत फळं? बागेतसुद्धा बियांपासून वाढवलेल्या झाडाला तीन ते पाच वर्षं लागतात. फुलं थेट खोडावर येतात, नखाएवढी, आणि बहुतेक गळून जातात. परागीभवन करतात ती बारीक चिलटं, कुजक्या पालापाचोळ्यात वाढणारी. झाडलेल्या गच्चीवर ती कुठून येणार? शिवाय बरीच झाडं स्वतःचे पराग स्वीकारत नाहीत, म्हणजे एक कुंडी पुरत नाही.

मिक्सरचं वाक्य मला सगळ्यात खटकतं, कारण त्यात शेतकऱ्याची मेहनतच पुसली जाते. ताजं बी आतून जांभळट, कडू आणि तुरट. चॉकलेटचा वासही नाही. गोड-आंबट असतो तो भोवतीचा पांढरा गर. गरासकट बियांचा ढीग केळीच्या पानांनी झाकून पाच-सात दिवस आंबवतात, मधूनमधून उलथतात. गरातल्या साखरेची आधी दारू होते, मग आम्ल. ढीग पन्नास अंशांपर्यंत तापतो, बीजांकुर मरतो आणि आत चवीची तयारी होते. मग उन्हात वाळवण, मग भाजणं. आंबवलं नाही तर कितीही भाजा, ती चव येत नाही. आणि चार फळांच्या बिया डब्यात ठेवल्या तर ढीग तापत नाही, बुरशी धरते. एका फळात 30-40 बिया, वाळल्यावर एक बी जेमतेम ग्रॅमभर. कडू (डार्क) चॉकलेटच्या 100 ग्रॅमच्या एका वडीला दोन-तीन फळं लागतात.

ज्यांनी पाकीट मागवलंय त्यांनी परत घेत असतील तर परत करा. झाड बघायची हौस असेल तर पुत्तूरकडून येणाऱ्या कुणाला पिकलं, न फोडलेलं फळ आणायला सांगा, आणि फोडलं त्याच दिवशी लावा.