ड्रोन विधेयक आणि संरक्षण कंपन्यांचे शेअर: एक खुलासा

‘नव्या ड्रोन कायद्यामुळे सैन्याला स्वदेशी ड्रोनच घ्यावे लागतील, म्हणून संरक्षण कंपन्यांचे शेअर आताच घ्या’, असा संदेश पणजी, मडगाव, म्हापशातील गुंतवणूकदारांच्या गटांत फिरत आहे. तो दिशाभूल करणारा आहे. संदेशात ज्याचा आधार घेतला आहे, तो सप्टेंबर २०२५ मध्ये हरकती-सूचनांसाठी जाहीर झालेला ड्रोन विधेयकाचा मसुदा नागरी विमान वाहतूक मंत्रालयाचा असून, नौदल, भूदल व हवाई दलाच्या ड्रोनना त्यातून स्पष्टपणे वगळले आहे. गोव्यातील दाबोळीच्या नौदल तळाशी या मसुद्याचा संबंध जोडणे हा तर निव्वळ कल्पनाविलास.

लष्करी खरेदी संरक्षण मंत्रालयाच्या स्वतंत्र प्रक्रियेने होते. त्यातही संरक्षणमंत्र्यांच्या अध्यक्षतेखालील संरक्षण खरेदी परिषदेने गरज मान्य केली, एवढ्यावर ऑर्डर मिळत नाही. पुढे निविदा, चाचण्या, दराची बोलणी आणि करार असे टप्पे असतात आणि त्यांत अनेकदा वर्षे जातात, कधी प्रस्ताव रद्दही होतो. नेमकी हीच बाब संदेश लिहिणाऱ्यांनी सोयीस्करपणे गाळली आहे.

विधेयकाचा परिणाम होईल तो अप्रत्यक्ष: नागरी आणि लष्करी दोन्ही ड्रोन बनवणाऱ्या कंपन्यांच्या नागरी व्यवसायावर प्रमाणपत्र, नोंदणी व विम्याच्या अटींचा खर्च पडू शकतो.