थांबूचा ठावक नाय

अजून वास येतोय. तीन दिवस झाले, अख्खा साबण झिजला, तरी सायकलच्या पुढच्या चाकाला आणि माझ्या उजव्या कोपराला शेणखताचा वास येतोय. बायको म्हणते, तो तुमच्या मनात आहे. मनात असता तर ती जेवताना ताट घेऊन पडवीत गेली नसती.

झालं एवढंच. डॉक्टरांनी पोट कमी करा म्हणून सांगितलं, मी सायकल घेतली आणि परवा कुंभारमाठावरून मालवणात उतरताना सर आली. दोन्ही ब्रेक दाबले. लीव्हर पार हँडलला टेकले. दशावतारातला राक्षस येताना ठोकतो तशी आरोळी चाकांनी ठोकली आणि आपापल्या वेगाने खाली निघाली. समोरून एस.टी. येत होती. डावीकडे एक फाटक उघडं दिसलं, मी आत वळलो, आणि पुढचं चाक जिथे रुतलं ती शेणाची गायरी होती.

पडवीत एक आजोबा पान लावत बसले होते. ते उठले नाहीत. चुना नीट पसरून झाल्यावर त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"इलंस?"

जणू माझी वाट बघत होते. मी कोपर झटकत म्हटलं, "ब्रेक लागले नाहीत हो."

"असत काय पण?"

"आहेत ना. चार पॅड आहेत."

"लागले नाय तर नायतच म्हण. कोणाचो तू?"

गायरीत उभं राहून वंशावळ सांगायची वेळ शत्रूवरही येऊ नये. मी वडिलांचं नाव सांगितलं, वाडी सांगितली. आजोबांनी पान तोंडात टाकलं, डोळे मिटले, आणि साधारण चाळीस वर्षं मागे जाऊन आले.

"म्हणजे तुज्या आजयाची ती म्हस."

"कुठली म्हैस?"

"आमच्या आगरात घुसलेली ती. केळी खाल्ल्यान. तेव्हा म्हस इली, आता नातू इलो. तुमचा घराणाच तसा. थांबूचा ठावक नाय."

मग मात्र ते छत्री घेऊन खाली उतरले. मला हात द्यायला नव्हे, सायकल बघायला. रीमच्या कडेवर अंगठ्याचं नख ओढलं. केशरी रंगाची सालपटी निघाली.

"ह्यो रंग कोणी लावल्यान?"

"कंपनीने. कोटिंग आहे ते."

"गणपतीच्या शाळेत रंगवल्यानी काय? वलो असतलो अजून. केवढ्याक घेतलंस?"

"२२ हजार."

आजोबांनी घरात हाक मारली. सून आली, दोन नातवंडं आली, शेजारचा एक माणूस गडग्यावरून डोकावला. सगळ्यांना किंमत सांगण्यात आली. "२२ हजार देवन ब्रेक गावले नाय," असं दोनदा, एकदा माझ्याकडे बोट दाखवून.

मी चिडून विचारलं, "तुमच्या जुन्या सायकलींचे लागायचे का पावसात?"

"खंय लागतले? लोखंडी रीम, वर क्रोम. पाणी पडला की रॉड ब्रेक नुसतो शोभेक."

"मग काय करायचात?"

"उतरान ढकलत न्हेय होतंय. माका ठावक होता ना, लागनत नाय ते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नाही, म्हणून तर लिहितोय.

खरं सांगायचं तर त्यांचं शास्त्र बरोबर आहे. रबराचा पॅड रीमला धरतो तो घासून. क्रोमचा पत्रा आरशासारखा गुळगुळीत, त्यावर पाण्याचा थर बसला की रबर नुसतं सरकत राहतं. ॲल्युमिनियमच्या रीमचं तसं नसतं. त्यांच्या कडा यंत्रावर घासून मोकळ्या सोडतात, तिथे उघड्या धातूवर पॅड पकड घेतो. ओल्या रीमवर आधी पाणी पुसलं जावं लागतं, त्यात चाक एकदोनदा फिरतंच. म्हणजे ब्रेक दाबल्यावर दोनचार मीटर देवाच्या हवाली. ते मला मान्य आहे. पण माझ्या रीमच्या त्या कडेवरही रंगच फासला होता. पॅड अर्धा पावसाळा रंग खरवडण्यात घालवणार, आणि मग कधीतरी धातूला भेटणार.

दुकानदार घाटावरचा. त्याने मला बरोबर ओळखलं. "मालवणचे ना? मग कोटिंगवालीच घ्या. खाऱ्या हवेत गंजणार नाही." आमच्याकडे खिडकीचे गज गंजतात, गेटची बिजागरी गंजते, कपाटातली किल्ली गंजते. गंज म्हटलं की कोकणी माणूस पाकीट काढतो. ॲल्युमिनियम लोखंडासारखं तांबडं गंजत नाही, खाऱ्या हवेने फार तर पांढरी भुकटी धरतं, हे मला आठवीत शिकवलं होतं. पण त्या क्षणी आठवलं नाही.

त्यातून 'कोटिंग' या शब्दाला मी भुललो. कुठेतरी वाचलं होतं, फ्रान्सच्या माविक कंपनीने १९९० च्या दशकात रीमच्या कडेवर सिरॅमिकचा थर चढवला होता. तो खरोखर ब्रेकसाठीच होता. खरखरीत, कडक, ओल्यातही धरणारा. साधे पॅड त्यावर भराभर झिजायचे, म्हणून त्याला वेगळे पॅड लागत. मला वाटलं, आपलंही तसंच काहीतरी. निघालं काय, तर खिडकीच्या गजांना देतात तसली पावडर कोटिंग.

परवा अंघोळ करून दुकानदाराला फोन लावला. तो म्हणाला, "सर, थोडे दिवस वापरा. घासून रंग गेला की ब्रेक मस्त लागतील."

"मग रंग दिलाच कशाला?"

"लूक."

"आणि रंग जाईपर्यंत मी थांबायचं कसं?"

"पावसात जरा हळू चालवा, सर." वॉरंटीचं विचारलं, तर ब्रेक घासून रंग गेला तर तो वॉरंटीत बसत नाही म्हणे. म्हणजे रंग जायलाच हवा, आणि गेला की जबाबदारी माझी. वर्षाला ३००० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या मुलखात हा माणूस मला हळू चालवायला सांगतो! उतार त्याला कोण सांगणार? आजोबांनी निदान ढकलत न्यायला सांगितलं होतं. त्यात प्रामाणिकपणा होता.

आज सकाळपासून अंगणात बसून पॉलिश पेपरने कडा घासतोय. पुढचं चाक झालं, मागचं अर्धं राहिलंय. लादीवर केशरी चिखल झालाय. मघाशी पुढच्या चाकावर पाणी ओतून ब्रेक दाबून बघितला. धरतो. सायकल मात्र अंगावर खरूज उठल्यासारखी दिसते.

दूधवाला कॅन घेऊन फाटकात उभा राहिला. बराच वेळ बघत होता.

"जुनी घेतलास काय?"

मी मान हलवली.

"केवढ्याक?"

"दोन हजार."

"मगे बरी गावली," तो म्हणाला.