बदकांचा मंगळवार आणि संस्कारांचा रविवार

महाराष्ट्रात लहान मुलांचं वाचनालय चालवणाऱ्या मैत्रिणीचा निरोप आला. "पर्यावरण, स्वच्छता, समानता आणि देशप्रेम या विषयांवर प्रत्येकी पाच चित्रपुस्तकं सुचव. वय तीन ते सहा. दर रविवारी एक विषय घेणार आहे. तू तिकडे दिवसभर हेच करतेस ना?" हो, हेच करते. अमेरिकेतल्या एका छोट्या शहराच्या सार्वजनिक ग्रंथालयात, बालविभागात माझी नोकरी आहे, आणि निरोप आला तेव्हा मी मंगळवारच्या गोष्टींसाठी पुस्तकंच काढत बसले होते. फक्त माझा विषय होता बदकं.

तिच्या यादीपुढे माझी बदकं अगदीच बाळबोध दिसत होती. तिकडे राष्ट्र घडत होतं आणि इकडे क्वॅक क्वॅक. पण दोन्हीकडे गाडी एकाच ठिकाणी अडते, असं माझं मत होत चाललंय. विषय आधी ठरतो आणि मग त्याला लागू पडतील अशी पुस्तकं शोधली जातात. तिकडे विषय संस्कारांचा असतो, इकडे सोयीचा. पुस्तक दोन्हीकडे मागाहून येतं.

इथे 'स्टोरीटाइम' जवळजवळ प्रत्येक सार्वजनिक ग्रंथालयात होतो. अर्धा तास, विनामूल्य, मुलाबरोबर घरातलं कोणीतरी मोठं माणूस. दोन-तीन पुस्तकं, मध्ये गाणी, हातवारे, खुळखुळे, शेवटी मुलांच्या हातावर शिक्का. या सगळ्यामागे विचार आहे. अमेरिकन ग्रंथालय संघटनेच्या दोन विभागांनी २००४ मध्ये 'एव्हरी चाइल्ड रेडी टू रीड' हा उपक्रम सुरू केला. २०११ च्या सुधारित आवृत्तीत त्यांनी पालकांपुढे पाचच गोष्टी ठेवल्या: मुलांशी बोला, गा, वाचा, लिहा, खेळा. म्हणजे या अर्ध्या तासाचा खरा विद्यार्थी बऱ्याचदा आई किंवा बाबा असतो. गोष्ट कशी वाचायची, कुठे थांबायचं, काय विचारायचं हे त्यांनी पाहावं आणि घरी करावं. आपल्याकडच्या कार्यक्रमांत पालक मुलाला दाराशी सोडून बाहेर फोन बघत उभे राहतात, हा फरक मला विषयांच्या फरकापेक्षा मोठा वाटतो.

मग विषय कशाला? खरं सांगायचं तर ग्रंथपालासाठी. दर आठवड्याला कार्यक्रम आखायचा, जाहिरातीत काहीतरी लिहायचं, फेल्टच्या, म्हणजे जाड लोकरी कापडाच्या, फळ्यावर चिकटवायची चित्रं डब्यांतून भरून ठेवायची. ट्रक, झोप, बटणं, अस्वलं, टोप्या. एकदा डबा तयार झाला की वर्षानुवर्षं चालतो. आज बदकांचा दिवस आहे याचं तीन वर्षांच्या मुलाला काही सोयरसुतक नसतं. फायदा मात्र एक आहे आणि तो मी नाकारणार नाही. एकच शब्द गोष्टीत आला, गाण्यात आला, फळ्यावर आला की तो मुलाच्या तोंडात बसतो. तेवढ्यासाठी सैलसा विषय हवाच. तो आवळायला लागलं की पंचाईत होते.

त्या मंगळवारच्या ढिगाऱ्यातली काही पुस्तकं सांगते. पहिल्याच्या मुखपृष्ठावर ऐटबाज बदक, आत मात्र पानापानावर नऊ-दहा ओळी आणि ओढूनताणून जुळवलेलं यमक. अशा पुस्तकाला तिसऱ्या पानाशी मुलं उठून चालू लागतात. दुसऱ्यात बारीक रेघांची अप्रतिम चित्रं होती, गवताच्या पात्यावरचा किडासुद्धा दिसणारी. मांडीवर मूल घेऊन वाचायला याच्यासारखं पुस्तक नाही. पण मी ते टेबलावर उभं करून सतरंजीच्या मागच्या टोकाला जाऊन पाहिलं तर नुसता हिरवा धुरळा. शिवाय जोडपानावरच्या चित्रात बदकाचं पिल्लू नेमकं मधल्या घडीत गडप. तिसरं पुस्तक तळहाताएवढं, म्हणजे पहिल्या रांगेतल्या दोघांपुरतं. आणि चौथं, जे मला हवं होतं, त्यात एकही बदक नव्हतं. एक मुलगी, एक डबकं आणि डबक्यात पाय घालावा की नाही हा प्रश्न. पानावर एक ओळ. ओळ अशा जागी तुटलेली की पान उलटेपर्यंत श्वास रोखला जावा.

चित्रपुस्तक बहुधा बत्तीस पानांचं असतं. छपाईचा मोठा कागद घडी घालून कापताना हा हिशेब सोयीचा पडतो. चांगला चित्रकार त्या पानांचा उपयोग पडद्यासारखा करतो. उजव्या पानाच्या शेवटी काहीतरी अर्धवट सोडतो आणि उलटल्यावर उत्तर देतो. वीस मुलांसमोर वाचताना हे एक मिनिट थांबणं, "आता काय होईल?" असं विचारणं, कुणीतरी भलतंच उत्तर देणं, यातच सगळी मजा असते. आणि ती मजा वायफळ नाही. १९८८ मध्ये मानसशास्त्रज्ञ ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी साधारण दोन वर्षांच्या मुलांच्या पालकांना असंच प्रश्न विचारत, मुलाला बोलतं करत चित्रपुस्तक वाचायला शिकवलं, तेव्हा महिन्याभरात त्या मुलांची बोलण्याची क्षमता इतरांच्या पुढे गेलेली दिसली. ज्या पुस्तकात विचारण्याजोगं काही नाही, ते विषयात कितीही चपखल बसो, या कामाचं नाही.

म्हणून मंगळवारी मी डबक्याचं पुस्तक वाचलं आणि बदकं गाण्यात ढकलली. कुणीही तक्रार केली नाही. बदकाला पाणी लागतंच.

आता मैत्रिणीच्या यादीकडे. आपल्याकडे बालसाहित्याची चर्चा निघाली की दोन पक्ष पडतात. एक म्हणतो, पुस्तकातून चार चांगल्या गोष्टी मुलांपर्यंत गेल्या पाहिजेत. दुसरा म्हणतो, मुलांना निव्वळ आनंद मिळाला पाहिजे. मला हा वादच चुकीच्या जागी घातलेला वाटतो. पर्यावरणाचं पुस्तक हवं असं ठरवून शोधायला गेलं की हाती काय लागतं ते पाहा. झाड रडतं. मुलगा कुऱ्हाड टाकतो. शेवटच्या पानावर सगळे मिळून रोप लावतात. दुसऱ्या पानावर शेवट कळतो, मग पान उलटायचं कशाला? यात संस्काराचा दोष नाही, कारागिरीचा आहे. विषयाच्या शिक्क्यावर पुस्तक खपतं, तेव्हा लिहिणाऱ्याला आणि चित्र काढणाऱ्याला मेहनत घ्यायचं कारण उरत नाही. पालकांचीही एक ठरलेली कुरकुर असते. "चार ओळींचं पुस्तक, दोन मिनिटांत संपतं." दोन मिनिटांत तेव्हाच संपतं, जेव्हा मोठं माणूस फक्त ओळी वाचतं. चित्र त्याला दिसतच नाही.

आणि चांगली पुस्तकं नाहीत असंही नाही. माधुरी पुरंदरे स्वतः लिहितात आणि स्वतः चित्रं काढतात. त्यांच्या पुस्तकांतली घरं, मुलं, शेजारी कुणाला काही शिकवायला उभे नसतात. ज्योत्स्ना प्रकाशन, एकलव्य, तूलिका यांनी वर्षानुवर्षं हे काम केलंय. प्रथम बुक्सच्या 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर २०१५ पासून खुल्या परवान्याखाली मराठी चित्रपुस्तकं मोफत मिळतात. ती छापायलाही परवानगी आहे, फक्त श्रेय द्यायचं. यातली कित्येक पुस्तकं "विषय काय?" या प्रश्नाला नीट उत्तर देऊ शकत नाहीत, म्हणून यादीत येत नाहीत.

इकडे सगळं आलबेल आहे असं कृपया समजू नका. माझ्या देशी मित्रांना परदेशातलं ग्रंथालय म्हणजे स्वर्ग वाटतो. याच स्वर्गात पुस्तकांवर आक्षेप घेण्याची लाट आलेली आहे. ग्रंथालय संघटनेच्या नोंदीप्रमाणे २०२३ मध्ये ४,२४० वेगवेगळ्या पुस्तकांवर आक्षेप आले. तोपर्यंतच्या नोंदींतला तो उच्चांक होता. पुढच्या वर्षी आकडा २,४५२ वर आला, तोही थोडाथोडका नव्हे. यात लहानांची चित्रपुस्तकंही असतात. अशा वातावरणात ग्रंथपाल नकळत बदकांकडे वळतो. बदकावर कोण आक्षेप घेणार? पण त्याचीही किंमत असते. विस्कॉन्सिन विद्यापीठाचं मुलांच्या पुस्तकांचं केंद्र दरवर्षी पुस्तकं मोजतं. त्यांच्या २०१८ च्या आकड्यांवरून केलेल्या एका प्रसिद्ध चित्रात पन्नास टक्के पुस्तकांत मुख्य पात्र गोरं होतं, सत्तावीस टक्क्यांत प्राणी किंवा वस्तू, आणि काळी, आशियाई, लॅटिनो, मूलनिवासी अशी बाकी सगळी मुलं मिळून तेवीस टक्के. ससे आणि ट्रक या सगळ्या मुलांच्या पुढे.

ही मुलं विषयांत येतात तीही महिन्यापुरती. फेब्रुवारीत काळ्या मुलांची पुस्तकं दर्शनी टेबलावर, मे महिन्यात आशियाई, आणि आमची पाळी दिवाळीत. मला दरवर्षी विचारणा होते, "दिवाळीचा स्टोरीटाइम घेशील?" घेते. पण जूनमध्ये 'पाऊस' विषय असतो तेव्हाही मराठी मुलीचं पुस्तक वाचते, कारण ती मुलगी सणाशिवायच्या दिवसांतही जगत असते. एझ्रा जॅक कीट्स यांचं १९६२ चं 'द स्नोई डे' घ्या. एक मुलगा सकाळी उठतो, बाहेर बर्फ पडलेला असतो, तो दिवसभर त्यात हिंडतो. मुलगा काळा आहे आणि पुस्तक त्याबद्दल चकार शब्द काढत नाही. न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने २०२० मध्ये आपल्या १२५ वर्षांतल्या सर्वाधिक घरी नेलेल्या पुस्तकांची यादी केली, तेव्हा हे पुस्तक पहिलं आलं, ४,८५,५८३ वेळा नेलेलं. ते लोकांनी बर्फाचं पुस्तक म्हणून नेलं. समानतेच्या विषयाखाली ठेवलं असतं तर इतकं फिरलं असतं असं मला वाटत नाही. मैत्रिणीच्या 'समानता' या रकान्याला माझ्याकडे याहून चांगलं उत्तर नाही. पाऊस, झोप, हरवलेली चप्पल अशा विषयांत मुली, आदिवासी मुलं, चाकाच्या खुर्चीतली मुलं सहज दिसू देत.

२०२५ मध्ये पहिलीपासून तिसरी भाषा म्हणून हिंदीवरून महाराष्ट्र पेटला होता, तेव्हा मी इथून सगळं वाचत होते. एप्रिलचा शासन निर्णय, जूनचा सुधारित निर्णय, २९ जूनला दोन्ही मागे, मग समिती. मी मराठीच्या बाजूनेच होते, अजून आहे. पण त्या तीन महिन्यांत पहिलीच्या आधीच्या मुलाच्या हातात मराठी पुस्तक कुठलं, हा प्रश्न क्वचितच कुणी विचारला. अंगणवाडीत तीन ते सहा वर्षांची मुलं रोज बसतात. भाषा तिथे रुजते किंवा राहून जाते. इथल्या मराठी घरांत मी हे जवळून पाहते. भारतातून येणारी पुस्तकं आजी-आजोबा प्रेमाने पाठवतात, त्यात मजकूर गच्च आणि चित्रं कशीबशी. शेजारी ग्रंथालयातून आणलेलं इंग्रजी पुस्तक पडलेलं असतं. मूल कुठलं उचलतं हे सांगायला नको. भाषेचा अभिमान त्या मुलाला अजून माहीत नाही. त्याला चांगलं पान माहीत आहे.

हे सगळं मी मैत्रिणीला लांबलचक लिहून पाठवलं. ती भडकली. "तुझ्याकडे वीस मुलं, प्रत्येकाबरोबर पालक, दर आठवड्याला तीच. माझ्याकडे चाळीस, काही एकदाच येणारी. तू मागच्या टोकाला जाऊन चित्र दिसतं का बघतेस, माझं मागचं टोक व्हरांड्यात आहे. आणि देणगीदाराला अहवाल द्यायचा असतो. त्यात काय लिहू, आज आम्ही डबकं वाचलं?"

तिचं बरोबर आहे. अमेरिकेतला अर्धा तास उचलून तिकडे नेला तर तो चालणार नाही. चाळीस मुलांना एक पुस्तक दाखवणं म्हणजे पस्तीस जणांना न दाखवणं. तिथे खुल्या परवान्याची चित्रं मोठ्या कागदावर छापून, दोघांनी धरून वाचणं बरं, किंवा मुलांचे दोन गट करून तीच गोष्ट दोनदा. पालकांना आत बसवायचं मात्र मी तिच्यामागे लागलेच आहे. चाळीसपैकी दहा आले तरी पुष्कळ.

देणगीदारांचा प्रश्न आम्ही फोनवर सोडवला. अहवालात विषय 'जलसाक्षरता', वाचायला डबकं, पाऊस आणि विहिरीत पडलेल्या बादलीची गोष्ट. 'स्वच्छता'खाली आंघोळीला नको म्हणणाऱ्या मुलाचं एक भन्नाट पुस्तक आहे, त्यात मुलगा शेवटपर्यंत आंघोळ करत नाही. ते ठेवावं की नाही यावर आमचं अजून भांडण चालू आहे.